रवांडाचा नरसंहार गावातल्या पोरांना शिकवायचाय? मग सुरुवात अशी करा

आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या बीएच्या एका मुलीनं विचारलं होतं, "सर, मले रवांडाबद्दल नीट शिकाचं हाय, अन् मंग गावातल्या पोट्ट्याइले शिकवाचं हाय, कुठून सुरू करू?" प्रश्न मला फार आवडला. अशी इच्छा असणारे अजून बरेच जण असणार, यवतमाळकडं असोत की वाशिम, बुलढाण्याकडं, म्हणून तिला जे सांगत गेलो ते सगळं इथं सविस्तर लिहितोय. मराठीत या विषयावर शिकवण्यालायक सामग्री फार कमी सापडते, त्यामुळं आपल्यालाच थोडी मेहनत घ्यावी लागते.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. आफ्रिकेतल्या रवांडात हुतू सत्ताधाऱ्यांनी तुत्सी समाजाचा नरसंहार केला. तो चालला सुमारे शंभर दिवस, ७ एप्रिल १९९४ पासून जुलैच्या मध्यापर्यंत, पण शिकवायची आहेत ती त्याच्या आधीची साठेक वर्षं. बहुतेक लोक उलटं करतात. आकडा सांगतात, कवट्यांचे फोटो दाखवतात, पोरं दोन दिवस सुन्न होतात अन् "तिकडचे लोकच तसे" असं मनात धरून विसरून जातात. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला मारण्यापर्यंत गोष्ट कशी आली, कोणी कोणी काय काय काम करून ती तिथवर आणली, हे समजलं तरच शिकवलं म्हणायचं.

आधी नकाशा घ्या

किती मेले हे नंतर, आधी देश पाहा. रवांडाचं क्षेत्रफळ २६,३३८ चौरस किलोमीटर, म्हणजे आपले यवतमाळ अन् अमरावती हे दोन जिल्हे मिळून साधारण जेवढे होतात तेवढंच. १९९४ च्या आधी तिथं सत्तर लाखांच्या वर लोक राहायचे, त्यातले बहुतेक सगळे शेतकरी. सगळा डोंगराळ मुलूख, टेकड्यांवर घरं, केळी, बीन्स, ज्वारी अन् नगदी पीक म्हणून कॉफी. १९८९ मधे कॉफीचा आंतरराष्ट्रीय करार मोडला अन् भाव कोसळला, घराघरातला पैसा आटला. नगदी पिकाचा भाव पडल्यावर घरात काय होतं हे कापूसवाल्या मुलखात कोणाला समजावून सांगावं लागत नाही, पोरं लगेच जोडून घेतात. पण तिथंच थांबवायचं अन् स्पष्ट सांगायचं की भाव पडला म्हणून नरसंहार होत नाही, भाव जगभर पडतात. गरिबीतून आलेल्या रागाला कोणीतरी ठरवून एक पत्ता लिहून दिला, तो कोणी लिहिला ते पुढं शोधायचं आहे.

दुसरी गोष्ट नकाशाबरोबरच सांगून टाका. रवांडात समाज तीन, हुतू, तुत्सी अन् त्वा, पण तिघांची भाषा एकच, किन्यारवांडा. चर्च एकच, टेकडी एकच, आपसात लग्नंसुद्धा व्हायची. १९९४ मधे बऱ्याच परदेशी बातम्यांमधे "दोन टोळ्यांचं जुनं वैर" असं आलं अन् अजूनही नेटवर तेच फिरतं. ते चूक आहे. आपल्याकडं वर्गात गोंड, कोलाम पोरं बसलेली असतात, जंगलातले लोक म्हणजे मारामारी करणारे असं त्यांच्याबद्दल बोललेलं त्यांनी ऐकलेलं असतं, त्यांच्यासमोर तर ही चूक अजिबात करू नका. रवांडातलं काम सरकार, फौज, पक्ष अन् प्रशासन यांनी मिळून केलं होतं.

मग तारखा, पण मोजक्याच

एका चार्ट पेपरवर मावतील एवढ्याच. आधी जर्मनीची वसाहत, पहिल्या महायुद्धात १९१६ पासून बेल्जियमचा ताबा. बेल्जियमवाल्यांनी १९३० च्या दशकात प्रत्येकाला ओळखपत्र दिलं अन् त्यावर हुतू, तुत्सी की त्वा ते छापलं. आधी थोडी सैल असलेली ओळख कागदावर पक्की झाली, बापाची तीच पोराची. आधी तुत्सींना शाळेत अन् नोकरीत झुकतं माप, मग १९५९ मधे उलटी लाट, तुत्सींवर हल्ले, हजारो लोक पळून युगांडा, बुरुंडी, काँगोत गेले. १ जुलै १९६२ ला स्वातंत्र्य. १९७३ मधे हब्यारिमाना हा हुतू लष्करी अधिकारी सत्तेवर आला. १ ऑक्टोबर १९९० ला युगांडात पळून गेलेल्या तुत्सी निर्वासितांच्या संघटनेनं, आरपीएफनं, हल्ला केला अन् युद्ध सुरू झालं, अन् देशातला प्रत्येक तुत्सी हा शत्रूचा माणूस असा प्रचार चालू झाला. ऑगस्ट १९९३ मधे टांझानियातल्या आरुषाला सरकार अन् आरपीएफ यांच्यात शांतता करार झाला. ६ एप्रिल १९९४ च्या रात्री हब्यारिमानाचं विमान राजधानी किगालीजवळ पाडलं गेलं, त्यात तो मेला अन् काही तासांत रस्त्यावर नाके लागले, हातात याद्या घेऊन लोक फिरायला लागले.

शेवटच्या वाक्यावर थांबा अन् पोरांना विचारा, काही तासांत यादी तयार होते का? इथं वर्ग जागा होतो.

नेटवर तुम्हाला एक गोष्ट सगळीकडं सापडेल की ज्याच्याकडं दहाच्या वर गाई त्याला बेल्जियमवाल्यांनी तुत्सी लिहिलं. ऐकायला सोपी आहे, पोरांच्या लक्षात पण राहते, पण अभ्यासकांमधे तिच्यावर एकमत नाही, म्हणून पक्की माहिती म्हणून सांगू नका.

वाचायचं काय अन् कसं

मुळातलं वाचा, मोबाईलवरच्या दहा मिनिटांच्या व्हिडिओवर शिकवायला उभे राहू नका. माझा सल्ला असा की पहिलं वाचन कोर्टाचा निकाल असावा. संयुक्त राष्ट्रांनी नोव्हेंबर १९९४ मधे रवांडासाठी खास न्यायालय स्थापन केलं, ते टांझानियात आरुषाला बसायचं. त्यांचा २ सप्टेंबर १९९८ चा आकायेसू खटल्याचा निकाल नेटवर फुकट मिळतो. शेकडो पानं आहेत, घाबरायचं नाही. सुरुवातीच्या भागात रवांडाचा इतिहास थोडक्यात दिलाय तेवढा आधी वाचायचा, मग ताबा नावाच्या भागात काय घडलं ते. इंग्रजी जड जात असेल तर एकेक परिच्छेद गूगलवर टाकून मराठी करून घ्या, पण नावं, आकडे अन् "नाही" असलेली वाक्यं मुळाशी ताडून पाहा कारण मशीन नेमकं तिथंच गडबड करतं. पीडीएफ तालुक्याला जिथं वायफाय आहे तिथं उतरवून ठेवा, गावात आल्यावर रेंज कधी जाईल याचा भरवसा नसतो.

हाच निकाल का, तर तो माणूस आपल्या ओळखीतला वाटतो म्हणून. जाँ-पॉल आकायेसू आधी शिक्षक होता, मग शाळा तपासनीस, मग ताबा या भागाचा बुर्गमेस्त्र, म्हणजे आपल्याकडं सभापती अन् बीडीओ दोघांचे अधिकार एका माणसाला द्यावे तसं पद. लोक त्याला मानायचे. सुरुवातीचे काही दिवस त्यानं ताबात हत्या होऊ दिल्या नाहीत, हे कोर्टानंच नोंदवलंय. मग १८ एप्रिलला वरच्या नेत्यांबरोबर बैठक झाली अन् त्यानंतर तो बदलला. ताबात कमीत कमी २,००० तुत्सी मारले गेले. त्याला जन्मठेप झाली, आंतरराष्ट्रीय न्यायालयानं नरसंहाराच्या गुन्ह्यात दोषी ठरवलेला हा पहिला माणूस. अन् बायकांवरचे बलात्कार हे सुद्धा नरसंहाराचा भाग असू शकतात हे पहिल्यांदा याच निकालात आलं, तीन न्यायाधीशांत नवनीतम पिल्ले होत्या, दक्षिण आफ्रिकेतल्या तमिळ कुटुंबातल्या. एक मास्तर बारा दिवस थांबवतो अन् मग स्वतःच सामील होतो, यावर पोरं तासभर बोलतात, अन् मला तर वाटतं अख्ख्या विषयातली सगळ्यात कामाची चर्चा हीच आहे.

त्यानंतर ह्युमन राइट्स वॉच या संस्थेचा १९९९ चा मोठा अहवाल, तोही नेटवर आहे, सगळा नाही झाला तरी दोन-तीन प्रकरणं वाचा. मग जीव वाचलेल्या लोकांच्या साक्षी, किगालीच्या स्मारकाचं ऑनलाइन संग्रहालय आहे, अमेरिकेतल्या शोआ फाउंडेशनच्या संग्रहात पण रवांडातल्या साक्षी आहेत. साक्षी रात्री एकट्यानं सलग पाहू नका. एक पाहायची, वहीत लिहायचं, उठून बाहेर यायचं, घरात कोणाला तरी सांगायचं. मनावर बसतं हे, अन् तुम्हीच खचलात तर पोरांना सांभाळणार कोण.

मृतांचा आकडा दोन ठिकाणी दोन दिसेल. संयुक्त राष्ट्रांच्या कागदांत साधारण आठ लाख येतो, रवांडा सरकार दहा लाखांच्या वर सांगतं. दोन्ही सांगा, कोणाचा कोणता तेही सांगा. आठ लाख म्हणजे दीड हजार वस्तीची पाचशेवर गावं, एवढं फळ्यावर मांडलं की पुरे. मारल्या गेलेल्यांत बहुतेक तुत्सी होते, पण या कामाला विरोध करणारे हुतू पण होते, पंतप्रधान अगाथ उविलिंगियिमाना स्वतः हुतू होत्या, त्यांना ७ एप्रिललाच मारलं. आरपीएफच्या सैनिकांनीही त्या काळात सूड म्हणून हजारो लोक मारले, त्याच्या नोंदी आहेत, ते लपवायचं नाही. पण "दोन्हीकडून सारखंच झालं" असं कोणी म्हणालं तर तिथं ठाम राहायचं, एका समाजाला मुळासकट संपवायची यंत्रणा एकाच बाजूनं उभी केली होती.

व्याख्या पाठ नको, पण समजलेली हवी

९ डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांनी नरसंहाराविरुद्धचा करार मंजूर केला, भारतानं तो १९५९ मधे मान्य केला. त्यात मुख्य मुद्दा हेतूचा आहे. राष्ट्र, वंश, वांशिक गट किंवा धर्म यांवरून ओळखला जाणारा गट पूर्ण किंवा अंशतः नष्ट करायच्या हेतूनं केलेली पाच कृत्यं त्यात दिलीत: गटातल्या लोकांना मारणं, गंभीर शारीरिक किंवा मानसिक इजा, जगणंच अशक्य होईल अशी परिस्थिती लादणं, जन्म रोखणं अन् पोरं हिसकावून दुसऱ्या गटात नेणं. म्हणजे नुसता आकडा मोठा असून भागत नाही.

हे सांगितलं की आपल्याकडं एक प्रश्न येणारच, अन् यायलाच पाहिजे. कोणीतरी खैरलांजीचं नाव घेईल. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा, आपल्याच विदर्भात एका दलित कुटुंबातल्या चौघांना गावातल्या लोकांनी मारलं. "ते नरसंहारात नाही बसत" एवढं बोलून पुढं सरकू नका, त्या पोराला किंवा पोरीला ते विषय झटकल्यासारखं वाटतं. सांगा की हा जातीय अत्याचार अन् खून, कोर्टानं मात्र शिक्षा खुनासाठी दिली, अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली नाही, त्याची चर्चा वेगळी अन् पूर्ण व्हायला हवी, अन् दोन्हीकडं सारखा असलेला प्रश्न हा की गाव बघत असताना हे कसं होऊ शकलं. हवं तर त्यासाठी एक वेगळी संध्याकाळ ठेवा.

जागा, वेळ, परवानगी

नववीच्या खालच्या पोरांना हा विषय नको. मुख्याध्यापकांशी आधी बोला, एका पानावर लिहून द्या की काय शिकवणार, काय दाखवणार नाही. शाळेत अवघड असेल तर गावचं वाचनालय, समाजमंदिर, विहार, ग्रामपंचायतीचा हॉल, जिथं सगळ्या वस्तीतली पोरं बिनधास्त येऊन बसतात अशी जागा निवडा. हे फार महत्त्वाचं आहे, काही गावांत एका जागेवर अर्धं गाव येत नाही, मग दोन संध्याकाळी इकडं अन् दोन तिकडं करा. आईवडिलांना सांगून ठेवा.

वेळेचं म्हणाल तर नोव्हेंबर, डिसेंबरात वेचणी चालू असते, पोट्टे-पोट्ट्या सुट्टीच्या दिवशी वावरात असतात, म्हणून रविवार सकाळ धरू नका, संध्याकाळी सातनंतर ठेवा. ९ डिसेंबरच्या आसपासचा आठवडा चांगला. ७ एप्रिल हा जगभर रवांडाच्या स्मरणाचा दिवस, पण तेव्हा परीक्षा चालू असतात अन् गावात ११ अन् १४ एप्रिलची तयारी, तरी त्या जयंतीच्या व्याख्यानांमधे तुमचा एक अर्धा तास मागून घेता आला तर नक्की मागा, माणसं तेव्हा ऐकायच्या मनःस्थितीत असतात.

प्रोजेक्टरच्या मागं लागू नका, लाइट गेली की सगळं संपलं. नकाशाची मोठी झेरॉक्स, चार चार्ट पेपर, मार्कर, बास.

चार संध्याकाळी

पहिली संध्याकाळ फक्त देश अन् माणसं. टेकडी, शेत, बाजार, लग्न, चर्च. हत्येचं एक अक्षर नाही. पोरांना उतावीळ होऊ द्या, पण आधी ही माणसं माणसं म्हणून दिसू द्या.

दुसरी सगळ्यात महत्त्वाची, हिला भरपूर वेळ द्या, पुरला नाही तर अजून एक संध्याकाळ घ्या. ओळखपत्र, शाळा अन् रेडिओ. तिथल्या शाळांमधे हुतू कोण, तुत्सी कोण म्हणून पोरांना उभं करायचे, हे कितीतरी साक्षींमधे येतं. जुलै १९९३ मधे आरटीएलएम नावाचं रेडिओ स्टेशन सुरू झालं. त्यावर झकास गाणी, गप्पा, थट्टा, पोरांना ते फार आवडायचं, अन् त्यातूनच तुत्सींना झुरळं म्हणणं रोजचं झालं. नरसंहार सुरू झाल्यावर त्याच रेडिओवरून कोण कुठं लपलंय त्याची नावं-पत्ते सांगायला लागले. नरसंहाराच्या आधीच परदेशातून कोयते मोठ्या प्रमाणावर मागवले गेले होते, इंटरहाम्वे नावाच्या पोरांच्या टोळ्यांना शिकवणी दिली जात होती. जानेवारी १९९४ मधे संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे प्रमुख जनरल दालेर यांनी न्यूयॉर्कला कळवलं होतं की शस्त्रं लपवलीत, याद्या होतायत. अन् २१ एप्रिलला, हत्या जोरात चालू असताना, सुरक्षा परिषदेनं सुमारे अडीच हजारांची फौज २७० वर आणायचा ठराव केला.

इथं एक अभ्यास करून घ्या. चार्टवर फक्त कामं लिहायची: कार्ड छापणारा, यादी टाइप करणारा, रेडिओला पैसा देणारा, माइकवर बोलणारा, कोयते आयात करणारा, नाक्यावर कार्ड तपासणारा, शेजारचं घर दाखवणारा, दार लावून गप्प बसणारा. मग प्रत्येक कामासमोर पोरांनी लिहायचं की या माणसानं त्या दिवशी नाही म्हटलं असतं तर काय अडलं असतं. उत्तर बरोबर-चूक करू नका, नुसतं लिहू द्या.

पण पोरांना हुतू अन् तुत्सी असे दोन गट पाडून नाटक कधीच करू नका. कोणी कितीही सांगितलं तरी नाही. गावात आधीच कोण कुठल्या पुऱ्यातलं हे सगळ्यांना माहीत असतं, खेळात कोण कोणाला काय बोलेल अन् ते घरी काय घेऊन जातील हे तुमच्या हातात राहत नाही, शिवाय मरणाऱ्याचं दुःख पाच मिनिटांत अनुभवता येतं असं शिकवणं हेच मुळात खोटं आहे.

याच संध्याकाळी जातीच्या दाखल्याचा प्रश्न येतो, "मंग आपला दाखलाही तसाच हाय का?" टाळू नका. कागद कोण मागतो अन् कशासाठी, तिथून उत्तर द्या. आपला दाखला ज्यांना शिक्षणातून अन् नोकरीतून बाहेर ठेवलं होतं त्यांना आत घ्यायला आहे, तो आपण स्वतः काढतो अन् हक्क मागायला दाखवतो. तिथं नाक्यावर उभा माणूस कार्ड मागायचा अन् त्या एका शब्दावर जीव जायचा. नरसंहारानंतर रवांडानं कार्डावरून ती नोंदच काढून टाकली. व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डचं पोरं स्वतःच काढतात, त्यांना बोलू द्या, फक्त गावातल्या कुठल्या समाजाचं, कुठल्या माणसाचं नाव घेऊन बोलणं सुरू झालं की तिथंच थांबवा.

तिसरी संध्याकाळ ते शंभर दिवस. प्रेतांचे फोटो नकोत, व्हिडिओ नको. ताबाची गोष्ट सांगा, एक साक्ष वाचून दाखवा. अन् त्याच दिवशी वाचवणारे पण सांगा, नाहीतर पोरं घरी फक्त भीती घेऊन जातील. झुरा करुहिंबी नावाची म्हातारी, झाडपाला देणारी, भुतंखेतं वश आहेत अशी लोकांत तिची ख्याती, तिनं आपल्या छोट्या घरात कितीतरी लोक लपवले अन् मारायला आलेल्यांना आत पाय टाकला तर भुतं खातील म्हणून परतवलं. सेनेगलचा कॅप्टन म्बाये दिआन्य, हातात हत्यार नसलेला निरीक्षक, नाक्यांवरून हसत बोलत लोकांना गाडीत घालून काढायचा, ३१ मे ला तोफगोळ्यानं गेला. बिसेसेरोच्या टेकड्यांवर तुत्सी शेतकरी दगड अन् भाले घेऊन कितीतरी आठवडे लढले. ही संध्याकाळ लवकर संपवा, मग चहा ठेवा, लगेच घरी पाठवू नका. एखादं पोरगं एकदम गप्प झालं असेल तर त्याच्याजवळ जाऊन बसा, कोणाच्या घरात काय चालतं ते आपल्याला माहीत नसतं.

चौथी, नंतरचं. आरुषाचं कोर्ट, २००३ मधे रेडिओ अन् वर्तमानपत्रवाल्या तिघांना झालेली शिक्षा, जी २००७ मधे अपिलात थोडी कमी झाली. अन् गाचाचा, म्हणजे गावागावात उघड्यावर, ग्रामसभेसारखी बसणारी कोर्टं. अशी सुमारे बारा हजार होती, २०१२ मधे बंद होईपर्यंत एकोणीस लाखांवर प्रकरणं चालली. वकील नसायचे, खोटे आरोपही झाले, अन् तरी कितीतरी घरांना आपल्या माणसाचं प्रेत कुठं पुरलंय हे तिथंच कळलं. दोन्ही बाजू मांडा, निकाल पोरांवर सोडा.

अन् न्यांगे शाळेचं सांगितल्याशिवाय उठू नका. मार्च १९९७, नरसंहार होऊन तीन वर्षं झालेली. हल्लेखोर रात्री वर्गात शिरले अन् विद्यार्थ्यांना म्हणाले, हुतू एकीकडं व्हा, तुत्सी एकीकडं. पोरं हलली नाहीत, आम्ही सगळे रवांडाचे आहोत म्हणाली. गोळ्या झाडल्या, काही जण तिथंच गेले. यावर तुम्ही भाषण देऊ नका.

शिकले की नाही कसं पाहायचं

पेपर घेऊ नका. प्रत्येकाला सांगा की घरी आजीला, नाहीतर आईला, भाकरी टाकताना पाच मिनिटांत आपल्या वऱ्हाडीत ही गोष्ट सांगायची, अन् ती काय म्हणाली ते दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचं. ज्याला नीट समजलं नसेल तो "दोन टोळ्या भांडल्या" असंच सांगेल, ते लगेच उघडं पडतं. ज्या पोरांना चांगलं जमलं त्यातल्या दोघांना पुढच्या गावात बरोबर न्या, एक भाग त्यांना शिकवू द्या, पण आधी त्यांनी ताबाचा निकाल स्वतः वाचलेला असला पाहिजे.

चार्ट, झेरॉक्स अन् तुमची वही एका फाईलमधे घालून वाचनालयात ठेवा. वहीच्या शेवटच्या पानांवर पोरांनी विचारलेले अन् तुम्हाला उत्तर न आलेले प्रश्न लिहा, तारखेसकट, अन् पुढच्या वर्षीचं वाचन त्या पानापासून सुरू करा.